खुडणे म्हणजे कापणे नव्हे

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गेल्या पंधरवड्यात हरभऱ्याच्या पिकाविषयी सविस्तर मजकूर प्रसिद्ध झाला. मर रोग, घाटे अळी, कामगंध सापळे, पाण्याच्या पाळ्या यांविषयीची त्यातील माहिती उपयुक्त होती आणि मी ती गावातील दोघातिघांना वाचूनही दाखवली. मात्र त्या मजकुराचा मथळा ‘हरभऱ्याचे शेंडे कापण्याची हीच वेळ’ असा होता, आतील मजकुरात दोन ठिकाणी ‘शेंडे कट करावेत’ असे होते आणि शेवटच्या परिच्छेदात त्याच कामाला ‘छाटणी’ म्हटले होते. एका कामासाठी तीन शब्द वापरले गेले आणि त्या कामाचा मराठीतला नेमका शब्द, जो हरभरा लागवडीच्या शिफारशींत वर्षानुवर्षे छापला जात आला आहे आणि शेतात आजही रोज बोलला जातो, तो ‘खुडणे’ हा शब्द एकदाही आला नाही. मी बार्शी तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील आहे आणि आयुष्याची तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवण्यात घालवली आहेत. या दोन्ही नात्यांनी मला हे पत्र लिहिणे आवश्यक वाटले.

खुडणे ही क्रिया पाहिल्याशिवाय तिचा अर्थ नीट कळत नाही. अंगठ्याचे नख आणि तर्जनीचे पेर यांच्या चिमटीत कोवळा शेंडा, पान, कळी किंवा देठ धरायचा आणि हलकेच मुरडून वेगळा करायचा, म्हणजे खुडणे. त्यात लोखंड नसते, झटका नसतो आणि झाडाला ओढही बसत नाही. जे नखाने तुटण्याइतके कोवळे असते तेवढेच खुडता येते. जून झालेले देठ खुडू म्हटले तरी खुडले जात नाही. त्यामुळे कशाने करायचे, कुठवर करायचे आणि कोणत्या वयात करायचे या तिन्ही गोष्टी या एका क्रियापदाच्या पोटातच आहेत. ‘कापणे’ या शब्दात यांपैकी एकही गोष्ट नाही. कापण्याला धार लागते, मग ती विळ्याची असो वा कात्रीची, आणि धार हाती आली की कोवळे आणि जून यांतला भेद हाताला जाणवत नाही. छाटणे तर याहून दांडगे काम आहे. ते फांदीचे, लाकूड झालेल्या काडीचे, कुंपणाचे काम. नाशिक आणि सांगलीकडील द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात, ती कात्रीने, आणि तिथे छाटणी हाच योग्य शब्द आहे. पण त्याच बागेत छाटणीनंतर आलेल्या हिरव्या फुटीचा शेंडा नखाने काढायचा असतो तेव्हा माळी तो खुडतो. एकाच वेलीवर एकाच हंगामात दोन क्रियापदे लागतात आणि बागेत काम करणारा माणूस त्यांची कधी गल्लत करत नाही.

शब्द बदलल्याने प्रत्यक्षात काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील, म्हणून स्वतःच्या घरातील एक प्रसंग सांगते. सहा वर्षांपूर्वी निविष्ठा, म्हणजे बी-बियाणे, खते, औषधे विकणाऱ्या एका कंपनीने गावात एक रंगीत पत्रक वाटले होते आणि त्यात ‘पीक पस्तीस दिवसांचे झाल्यावर शेंडे कट करावेत’ असे छापले होते. माझ्या पुतण्याने ते वाचले. तो शिकलेला, मेहनती मुलगा आहे, पण शिक्षणासाठी बाहेर राहिल्याने त्याने हरभऱ्याची खुडणी कधी केलेली नव्हती. त्याने दोन गडी लावले आणि त्यांच्या हाती विळे दिले. हरभरा जेमतेम वीतभर होता. मुठीत चार-पाच झाडांचे शेंडे एकत्र धरून विळा फिरवला की वरचा बोटभर शेंडाच तेवढा निघत नाही, अर्धे झाड हाती येते. नुकत्या फुटू लागलेल्या बाजूच्या फांद्याही त्याबरोबर जातात, आणि जमिनीत ओल असेल तर काही रोपे मुळासकट उपटून येतात. मी दुपारी शेतात पोहोचले तोवर पाऊण एकर झाले होते. त्या पाऊण एकरातील झाडे पुढे खुरटी राहिली आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, कमी लागले. दोष पुतण्याचा नव्हता आणि गड्यांचाही नव्हता. सांगितलेले काम त्यांनी सांगितलेल्या शब्दाप्रमाणे केले होते. ‘शेंडे खुडावेत’ एवढे दोन शब्द त्या पत्रकात असते, तर कोणीही विळा उचलला नसता.

शेंडा का खुडायचा, याचे कारणही या शब्दाशी जोडलेले आहे. रोपाच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली उतरते आणि पानांच्या बगलेतील डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा तेवढा काढला की हा दाब जातो, बगलेतले डोळे जागे होतात, झाड उंच जाण्याऐवजी पसरते, फांद्या वाढतात आणि जितक्या फांद्या तितकी फुले व घाटे. म्हणून हे काम पेरणीनंतर साधारण तीस ते चाळीस दिवसांत, फुले दिसण्यापूर्वी करायचे असते. ज्यांना फुटायचे आहे ते डोळे शेंड्याच्या लगेच खाली असतात, तेव्हा शेंडा काढताना त्यांना धक्का लागता कामा नये. नख एवढे नेमके काम करू शकते, विळा करू शकत नाही. तुरीचे आणि कपाशीचे शेंडे खुडण्यामागेही हेच तत्त्व आहे; तंबाखूचा शेंडा मात्र पानांना जोर यावा म्हणून खुडतात, आणि तिथे बगलेतून येणारी फूटही पुन्हा पुन्हा काढावी लागते.

हरभऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. खुडलेला शेंडा टाकून द्यायचा नसतो. ती हरभऱ्याची भाजी. आमच्याकडे बायका ओटी बांधून शेतात उतरतात, ओळीने खुडत जातात आणि ओटी भरली की कडेला पसरलेल्या धडप्यावर रिकामी करतात. पाल्यावर आंब असते; ती इतकी आंबट असते की दुपारपर्यंत बोटांची टोके हुळहुळी होतात, म्हणून काही जणी अंगठ्याला चिंधी गुंडाळतात. ताजी भाजी त्या दिवशी घरी होते, उरलेली वाळवून डब्यात भरून ठेवतात आणि उन्हाळ्यात, जेव्हा हिरवे पान महाग होते, तेव्हा ती कालवणाला येते. विळ्याने कापलेल्या पाल्यात जून काड्या आणि माती येते, ती भाजी होत नाही, जनावरांपुढे जाते. म्हणजे खुडण्याने पिकाला फांद्या मिळतात आणि घराला भाजी मिळते, कापण्याने यांपैकी काहीच धड मिळत नाही. आणि हे काम बहुतेक सर्व ठिकाणी बायका करतात, त्यामुळे त्याचा शब्दही बायकांच्या तोंडी अधिक आहे. छापील मजकुरातून तो लवकर गळून पडण्याचे हेही एक कारण असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पिकांच्या काढणीचे आपले शब्द पाहिले, तर प्रत्येक क्रियापदाने आपापली जागा किती काळजीपूर्वक घेतलेली आहे हे ध्यानात येते. भाताची कापणी होते, गव्हाची सोंगणी होते, ऊस तोडला जातो, कापूस वेचला जातो, भुईमूग उपटला जातो, रब्बी ज्वारी आमच्या भागात मुळासकट उपटून काढली जाते आणि मग तिची कणसे खुडली किंवा मोडली जातात. बाजरीच्या पट्ट्यात तर ‘खुडणी’ हे हंगामाचेच नाव आहे. ‘खुडणीला माणसे मिळेनात’ असे कोणी म्हटले की ते बाजरीविषयी बोलत आहे हे सांगावे लागत नाही. आंबा उतरवतात, चिंच झोडपतात, मोगऱ्याची कळी खुडतात, झेंडू तोडतात आणि प्राजक्त वेचतात, कारण प्राजक्ताचे फूल झाडाने आधीच सोडून दिलेले असते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात फुलांसाठी ‘खुंटणे’ हे क्रियापद ऐकू येते, तेही तितकेच चांगले आहे. आमचाच शब्द सर्वांनी वापरावा असा माझा आग्रह नाही. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, त्यात या शब्दांच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत. एका परदेशी माणसाला आणि त्याच्या हाताखालच्या मराठी शास्त्रीमंडळींना हे शब्द वेगळे नोंदवावेसे वाटले, आणि आज मराठी वृत्तपत्रात ते सगळे ‘कट करणे’ या एका खोक्यात भरले जात आहेत, याचे मला दुःख होते.

स्वयंपाकघराविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथली हानी तुलनेने कमी आहे. आपल्या रविवारच्या पाककृतींत ‘मेथी कट करून घ्यावी’ असे असते. मेथी आधी खुडायची, म्हणजे पाने व कोवळे देठ जून काड्यांपासून वेगळे करायचे, आणि मग हवी तर चिरायची. ही दोन कामे आहेत आणि पहिले गाळले तर भाजीत दोरे येतात. गवार हाताने मोडायची असते, कारण मोडतानाच तिची शीर निघून येते. विळीवर चिरली तर शीर आतच राहते. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलामुलींना ही क्रियापदेच अर्धी कृती सांगतात.

आता व्याकरणाची एक गोष्ट, जिच्याकडे माझे लक्ष वर्गात शिकवताना गेले आणि जी मला पुढच्या मुद्द्यासाठी लागणार आहे. मराठीत वेगळे करण्याच्या अनेक क्रियापदांना जोडीदार असतो. तोडणे आणि तुटणे, फोडणे आणि फुटणे, फाडणे आणि फाटणे, सोडणे आणि सुटणे. पहिल्यात कोणीतरी करणारा असतो, दुसऱ्यात ती गोष्ट आपोआप घडल्यासारखी सांगता येते. ‘फांदी तुटली’ म्हटले की वाऱ्याने तुटली की माणसाने तोडली हे सांगण्याचे बंधन राहत नाही. खुडणे या क्रियापदाला असा जोडीदार नाही. शेंडा आपोआप खुडत नाही. वाऱ्याने मोडेल, गारांनी झडेल, उन्हाने करपेल, पण खुडला असे म्हटले की कोणाची तरी चिमूट तिथे होती हे मान्य करावे लागते. ती बाईची असेल, मुलाची असेल, फार तर शेळीचे ओठ असतील, कारण शेळीही शेंडा खुडूनच खाते. ‘कळी खुडली गेली’ असा कर्मणी प्रयोग करता येतो, पण त्यातही ‘कोणी?’ हा प्रश्न दाराशी उभाच असतो.

हा मुद्दा अशासाठी महत्त्वाचा, की शेतीच्या पानावरून हरवलेला हा शब्द आपल्या दैनिकात एका ठिकाणी मात्र नियमाने येतो. स्त्रीभ्रूणहत्येची किंवा लहान मुलीच्या हत्येची बातमी असली की मथळा येतो, ‘उमलण्याआधीच कळी खुडली’. मथळा लिहिणाऱ्याच्या मनात करुणा असते याविषयी मला शंका नाही. तरीही मी, जिने हा शब्द हाताने जगला आहे अशी एक बाई म्हणून, सांगू इच्छिते की तो तिथे शोभत नाही. खुडणे हे सांभाळून करण्याचे काम आहे. आम्ही पूजेसाठी कळी खुडतो, घरच्यांसाठी भाजी खुडतो, झाड वाढावे म्हणून शेंडा खुडतो; या प्रत्येकात खुडणाऱ्याच्या मनात त्या झाडाविषयी माया असते, आणि खुडल्यावर झाड पुन्हा फुटते. जिथे एक जीव मारला गेला आहे तिथे हा शब्द वापरल्याने कृत्याची धार बोथट होते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुन्ह्याऐवजी परसातली बाग उभी राहते. शिवाय त्या मथळ्यात करणारा नसतो. ज्या क्रियापदाला कर्ता हवाच असतो, त्याचाच कर्ता काढून टाकलेला असतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला, आणि तरीही शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या आपल्या राज्यात २००१ च्या जनगणनेतील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत उतरली. एवढ्या मोठ्या अन्यायाला ‘मारणे’ आणि ‘हत्या’ हे सरळ शब्द आहेत. तेच मथळ्यात यावेत आणि कोणी मारले हेही त्यांच्या शेजारी यावे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जाईल, तो योग्य आहे आणि त्याचा विचार मी केला आहे. तुरीचे शेंडे काढण्यासाठी आता बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत. लांब दांडा, पुढे फिरणारे पाते, आणि एक माणूस उभ्याने चालत चालत शेंडे उडवत जातो. तिथे नख नाही, चिमूट नाही, उलट लोखंडच आहे. मग त्याला कापणे म्हणायला हरकत काय? पण हे यंत्र वापरणारे शेतकरी त्याला काय म्हणतात ते ऐकावे. ते त्याला ‘शेंडे खुडणी यंत्र’ म्हणतात. तूर उंच वाढते, तिचा खोडवट भाग खाली राहतो, आणि यंत्र वरचा कोवळा भागच घेते. म्हणजे साधन बदलले तरी ‘कोवळे तेवढेच, वरचे तेवढेच’ हा अर्थ शेतकऱ्याने सोडलेला नाही. वर मी खुडण्याची जी व्याख्या केली तिच्यात नखाला पहिली जागा दिली होती. या यंत्राने मला शिकवले की पहिली जागा बहुधा कोवळेपणाची आणि मापाची आहे, नखाची नंतरची. जो शब्द नव्या यंत्राला नाव देऊ शकतो तो जुना झालेला नाही. तो शेतात जिवंत आहे, फक्त छापखान्यापर्यंत पोहोचत नाही. मजकूर इंग्रजी माहितीपत्रकावरून घाईने उतरवला जातो आणि तिथल्या शब्दाला जवळचा म्हणून ‘कट’ तसाच ठेवला जातो, एवढेच याचे कारण मला दिसते.

शहरातील वाचकाला ‘खुडणे’ कळणार नाही, अशीही एक समजूत असते. शाळेच्या भूगोलात आसामच्या चहामळ्यांत दोन पाने आणि एक कळी खुडणाऱ्या बायका आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. पुण्या-मुंबईच्या घरांत कोथिंबिरीची जुडी आणि तुळशीचे पान आहेच. ज्याने तुळशीचे पान नखाने घेतले आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. आणि एखाद्याला नसेल ठाऊक, तर वृत्तपत्र वाचता वाचता तो ठाऊक व्हावा. मला कितीतरी शब्द असेच आपल्या पानांवरून मिळाले आहेत.

म्हणून माझी विनंती अशी की, शेतीविषयक मजकूर छपाईला जाण्यापूर्वी तो एकदा शेतात काम करणाऱ्या माणसाला, शक्य असल्यास बाईला, वाचून दाखवण्याची पद्धत आपण ठेवावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे शेतकऱ्यांसाठी मराठीत प्रकाशने काढतात, त्यांतील शब्द पडताळून पाहता येतील. विभागागणिक शब्द बदलत असेल तर दोन्ही द्यावेत, म्हणजे मराठवाड्यातील वाचकालाही तो आपला वाटेल आणि खानदेशातील वाचकालाही.

आणि एक तातडीचे. यंदा परतीच्या पावसामुळे आमच्या भागात हरभऱ्याच्या पेरण्या लांबल्या आणि बहुतेक शेतांतील पीक येत्या आठ-दहा दिवसांत महिन्याचे होईल. आपला तो मजकूर पुष्कळांनी कापून, घडी करून खिशात ठेवला आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून पीक महिन्याचे होण्याआधी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘हरभऱ्याचे शेंडे विळ्याने कापू नयेत, पीक तीस ते चाळीस दिवसांचे असताना फक्त वरचे कोवळे शेंडे हाताने खुडावेत’ अशी दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका व शेतकरी,
तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर